चर्चला बाहेरून टेके कशाला?

प्रश्न : मी गवंडी आहे. पोराच्या मोबाइलवर जर्मनीतल्या कोलोनच्या मोठ्या चर्चचे फोटो पाहिले. भिंतीबाहेर दगडाच्या अर्ध्या कमानी आहेत. त्या शोभेच्या की कामाच्या?
– एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : कामाच्याच, भाऊ! गवंड्याची नजर बरोबर तिथंच गेली. आपल्या हेमाडपंती देवळात खांबावर दगडी तुळई आडवी बसते, भार सरळ खाली उतरतो. कमान मात्र भिंतीला बाहेरही रेटते. कोलोनचं मधलं छत ४३ मीटर उंच. तिथला रेटा या अर्ध्या कमानी झेलतात आणि बाजूच्या दालनांवरून पलीकडच्या जाड खांबांवर नेऊन सोडतात. कलत्या गोठ्याला आपण बल्लीचा टेका देतो, तेच. भिंतीवरचा भार हटला म्हणून तिथं एवढाल्या रंगीत काचा बसल्या. त्या खांबांवरचे कोरीव सुळकेही निव्वळ नक्षी नाहीत. त्यांच्या वजनानं रेटा खाली वळतो.

पाया १२४८ चा. सोळाव्या शतकात काम बंद पडलं, ते १८४२ मध्ये पुन्हा धरलं. तोवर अर्धवट मनोऱ्यावर दगड वर चढवायची लाकडी यारी तशीच उभी! १८८० मध्ये १५७ मीटरचे मनोरे पुरे झाले. (आपल्याकडच्या रखडलेल्या कालव्यांना तेवढाच धीर.)

फ्रान्समधल्या बोव्हे शहरातल्या चर्चमध्ये तर हाव आणखी मोठी. छत ४८ मीटरवर नेलं, १२८४ मध्ये त्यातलं काही कोसळलं. मग मधेमधे जादा खांब घालून ते पुन्हा चढवलं. पुढचं लांब दालन मात्र आजतागायत झालेलं नाही.