उपचाराचा निकाल एकटीने लावू नकोस

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. नैराश्यावरची एसिटालोप्रामची गोळी सुरू होऊन बारा दिवस झाले, मळमळ तेवढी वाढली, मन मात्र कशातच लागत नाही, आणि खोलीतली मैत्रीण म्हणते की या डोक्याच्या गोळ्यांची सवय लागते, तेव्हा आत्ताच बंद कर आणि त्यापेक्षा व्यायाम, योग कर. हे सगळे सांगून झाल्यावर तू लिहिले आहेस, ‘याने काही होईल असे वाटत नाही.’ मला त्या वाक्याविषयीच आधी बोलायचे आहे. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात समाजसेविका म्हणून काम करताना हे वाक्य मी सतत ऐकत आले आहे. पुढे काही चांगले होईल अशी आशाच न उरणे हे नैराश्याचे लक्षण आहे, आणि ती निराशा उपचारांनाही वगळत नाही. ज्या मनाने औषधाचा निकाल लावायचा तेच मन सध्या आजारी आहे. म्हणून तो निकाल तू एकटीने लावू नयेस, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

एसिटालोप्रामच्या गटातील औषधांचा त्रास आधी जाणवतो आणि गुण नंतर येतो. मळमळ, डोकेदुखी, झोपेतला बदल हे बहुधा पहिल्या एकदोन आठवड्यांत ओसरते. मनःस्थितीत फरक दिसायला दोन ते चार आठवडे लागतात आणि औषध लागू पडले की नाही हे चारसहा आठवड्यांनंतरच नीट सांगता येते. त्यामुळे बाराव्या दिवशी काहीच वाटत नसेल, तर उपचार फसले असा त्याचा अर्थ होत नाही. या गोळ्यांची दारूसारखी चटक लागत नाही. मात्र त्या एकदम बंद केल्या तर चक्कर, चिडचिड, अस्वस्थता असा त्रास होऊ शकतो, म्हणून त्या डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करायच्या असतात. बरे वाटू लागल्यावरही निदान सहा महिने औषध चालू ठेवावे लागते. माझ्या पाहण्यात सर्वाधिक माणसे अडखळली ती इथेच: महिनाभरात झोप आणि भूक परत येते, घरचे म्हणतात ‘आता झालीस ना बरी’, अर्धी राहिलेली स्ट्रिप कपाटात जाते आणि काही महिन्यांनी तेच माणूस जुना केसपेपर घेऊन पुन्हा रांगेत उभे असते.

तुझ्या वयासाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते. पंचविशीच्या आतल्या रुग्णांमध्ये औषध सुरू केल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत कधीकधी बेचैनी किंवा जीव द्यावा असे विचार वाढतात. तसे झाले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना कळव आणि रात्री एकटी राहू नकोस. पूर्वी कधी झोपेशिवायही अंगात अफाट उत्साह भरला होता, विचार धावत होते, पैसा उधळला होता, असे काही दिवस गेले असतील तर तेही सांग, कारण मग निदान आणि औषध दोन्ही बदलू शकतात. थायरॉईडची तपासणी झाली नसेल तर तीही विचारून घे.

गोळी की समुपदेशन, असा पेच तू घातला आहेस. सौम्य नैराश्यात नुसत्या समुपदेशनानेही भागते. मध्यम आणि तीव्र आजारात दोन्ही मिळून अधिक उपयोग होतो. विचारांच्या सवयी तपासणाऱ्या पद्धती आहेत, नात्यांतील पेचांवर काम करणाऱ्या आहेत, पण मला स्वतःला सर्वांत भावते ती कृतीपासून सुरुवात करणारी पद्धत. गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या पण नीट प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी तीव्र नैराश्याच्या रुग्णांसाठी सहा ते आठ भेटींत ती वापरली. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात तीन महिन्यांनंतर या रुग्णांपैकी 64 टक्के जणांची लक्षणे आजाराच्या पातळीखाली आली होती. नेहमीच्या उपचारांना ही जोड न मिळालेल्यांत हे प्रमाण 39 टक्के होते.

ही पद्धत दिसायला अगदी साधी असते. वहीत तासांचे रकाने आखायचे, प्रत्येक तासाला काय केले आणि तेव्हा मन किती जड होते ते दहापैकी गुण देऊन लिहायचे. आठवड्याने वही पाहिली की दिसते, दुपारी दोन ते पाच अंथरुणात मोबाईल पाहताना मन सर्वांत खचलेले होते आणि खालच्या टपरीवर चहा प्यायला गेलो तेव्हा थोडे हलके. मग पुढच्या आठवड्यात दुपारी तीनला खाली उतरायचे, एवढेच ठरवायचे. इच्छा होईल तेव्हा नव्हे, तीन वाजता. उमेद आधी येते आणि मग माणूस उठतो, असे आपण समजतो. या आजारात बरेचदा आधी उठावे लागते आणि उमेद मागाहून येते. मैत्रीण सांगते तो व्यायाम आणि योग याच वहीत बसतात. ते जरूर कर, फक्त गोळीच्या बदल्यात नको.

एक औषध लागू पडले नाही तर दुसरे असते. विजेच्या ‘शॉक’ची तुला भीती वाटते, पण ते उपचार बहुधा फार तीव्र आजारात सुचवतात आणि 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने भूल व स्नायू शिथिल करणारे औषध दिल्याशिवाय ते करण्यास मनाई आहे. त्याच कायद्याने तुझ्या आजाराची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क तुला दिला आहे, त्यामुळे कॉलेजात कोणाला सांगायचे ते तू ठरव. घरी मात्र एकाला तरी सांग. आई घाबरेल असे वाटत असेल तर तिला पुढच्या तपासणीला सोबत घेऊन जा; डॉक्टरांच्या तोंडून ऐकले की घरच्यांचे ‘मन खंबीर कर’ बरेच कमी होते. खर्चाची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयातून औषधे घेता येतील. रात्री-अपरात्री मन फारच घेरले तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य फोनसेवेचा 14416 हा क्रमांक लाव. तो मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीतून बोलता येते. जिवाला धोका वाटत असेल तर मात्र थेट जवळचे रुग्णालय गाठ.

आता पुढच्या भेटीसाठी एका कागदावर लिहून ठेव: मळमळ कधी होते, झोप किती लागते, कोणती गोळी चुकली, मरणाचे विचार येतात का. डॉक्टरांसमोर बसल्यावर सगळे विसरायला होते, तेव्हा तो कागदच त्यांच्या हाती दे. मळमळीसाठी गोळी जेवणानंतर किंवा दुसऱ्या वेळी घेतली तर चालेल का, हे आजच फोन करून विचार, आणि ते काय म्हणाले ते मला कळव.

तुझी,
मावशी