टोकन देण्याआधी

प्रिय,

मुळशीतल्या दोन गुंठ्यांचे फोटो आणि शनिवारपर्यंत टोकन द्यायचंय हा तुझा मेसेज, दोन्ही मिळालं. रस्ता पाहिलास, विजेचा खांब पाहिलास, सातबारा मात्र अजून मागितला नाहीस. म्हणून घाईने लिहितोय.

जमीन शेतीची आहे. तू शेतकरी नाहीस, आणि कूळकायद्याच्या कलम 63 प्रमाणे परवानगीशिवाय बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेता येत नाही. एजंट म्हणेल, 'शेतकरी दाखला आम्ही करून देतो.' तिथेच उठून ये. शिवाय तुकडेबंदी, म्हणजे शेतजमिनीचे फार लहान तुकडे पाडून विकायला मनाई, आहेच. 2023 च्या अधिसूचनेने बहुतेक जिल्ह्यांत प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे तुकड्याचं किमान क्षेत्र, जिरायतीला 20 गुंठे, बागायतीला 10 गुंठे ठरलं. दोन गुंठे त्यात कुठे बसतात?

जुलै 2021 मध्ये नोंदणी विभागाचं एक परिपत्रक निघालं आणि एक-दोन गुंठ्यांचे दस्त नोंदवणं थांबलं. मे 2022 मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ते रद्द केलं. मधले दहा महिने ज्यांना पैशांची निकड होती, त्यांनी काय करायचं?

ती निकड मी भोगली आहे. 1998 मध्ये आम्ही पाच जणांनी अकरा गुंठे सामाईक घेतले. पाचही शेतकरी घरातले, खरेदीखत सहज झालं. कोणाचे गुंठे कुठले हे फक्त चुन्याच्या रेषांवर आणि एजंटच्या झेरॉक्स नकाशावर. पहिल्याच पावसात चुना वाहून गेला. पुढे आईच्या ऑपरेशनसाठी माझा हिस्सा विकायला काढला, तेव्हा घेणाऱ्याने पाचही जणांच्या सह्या मागितल्या. एक वारला होता, त्याच्या वारसांची नावं लावणारा फेरफार झालेला नव्हता. दुसरा मस्कतला होता. व्यवहार झालाच नाही. मी पतसंस्थेचं कर्ज काढलं आणि सहा वर्षं फेडलं.

'पुढे सगळं नियमित होतं' असंही तुला सांगतील. होतं, हे खरं. 2017 च्या दुरुस्तीत जुन्या तुकड्यांसाठी बाजारमूल्याच्या 25 टक्के भरायचे होते, 2024 मध्ये ते 5 टक्क्यांवर आले. पण अशी सवलत मागच्या व्यवहारांना असते, आणि तिला कटऑफ तारीख असते. उद्याच्या खरेदीसाठी तिच्यावर विसंबू नकोस.

एनए, म्हणजे बिगरशेती झालेला, प्लॉट घेतलास तर मला जास्त बरं वाटेल. प्लॉटिंग 500 चौरस मीटरपेक्षा मोठं आणि आठपेक्षा जास्त प्लॉटचं असेल, तर महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामकाचा, नोंदणी नंबर माग आणि पोर्टलवर स्वतः तपास. नोंदणीकृत करारनामा होण्याआधी 10 टक्क्यांच्या वर एक रुपयाही द्यायचा नाही.

करही आत्ताच मोजून ठेव. 23 जुलै 2024 पासून घेतलेल्या मालमत्तेला महागाई निर्देशांकाचा फायदा नाही, म्हणजे खरेदीची किंमत महागाईप्रमाणे वाढवून धरता येत नाही; दीर्घकालीन नफ्यावर सरळ 12.5 टक्के. वीस लाखांचा प्लॉट दहा वर्षांनी सव्वीस लाखांना विकलास, तर महागाईने तो नफा केव्हाच खाल्लेला असेल, तरी पाऊण लाख कर भरावा लागेल. भाव हळू वाढणाऱ्या जागेला हा नियम फार जड जातो.

शनिवारी टोकन देऊ नकोस. गट नंबर पाठव. सातबारा, मागचे सगळे फेरफार आणि झोन दाखला (विकास आराखड्यात जमीन कशासाठी आहे ते सांगणारा) आपण रविवारी माझ्याकडे बसून वाचू. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग-2', म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन, असं दिसलं, तर मात्र आधी तहसीलला जावं लागेल. सोमवारी रजा टाकून ठेव.

तुझा,
काका