अमरवेल : तेल काढावे, पण रस प्यावा का?

प्रश्न : कुंपणाच्या अडुळशावर पिवळी अमरवेल माजली आहे. केसांसाठी तिचे तेल घरी कसे करावे? काविळीवर तिचा रस पिला तर चालेल का? – एक वाचक, जुन्नर

उत्तर : रस पिऊ नका, हे आधी. अमरवेलीला पाने नसतात आणि आधाराला झाड मिळाले की तिचे मूळही सुकते. मग ती त्या झाडाच्या खोडात शोषकांगे खुपसून अन्नपाणी ओढते, आणि त्यासोबत त्याची औषधी वा विषारी द्रव्येही तिच्यात उतरू शकतात. म्हणून कण्हेरीवरची वेल तेलालासुद्धा घेऊ नये. सुकवून विकायला आलेली वेल कशावरची, हे कोण सांगणार? काविळीची कारणे अनेक; रक्त तपासून घ्या. गरोदरपणी तर ही वेल पोटात नकोच.

तेलासाठी 50 ग्रॅम ताजी वेल निवडून धुवा आणि बारीक वाटा. हा झाला कल्क. त्यात तिळाचे तेल 200 मिली, पाणी 800 मिली. पातेले मोठे घ्या, शेवटी फेस उतू जातो. मंद आचेवर ढवळत राहा, तळाशी कल्क लागला की तेलाला करपट वास येतो. कल्क बोटांत वळून त्याची वात झाली आणि ती विस्तवावर न तडतडता जळली, की पाणी आटले. तेलावर फेस येतो तोही याच सुमारास. लगेच उतरवून गाळा. घाई केली तर पाणी राहते आणि तेल लवकर खवट होते. आधी कोपराच्या आत थेंबभर लावून दिवसभर पाहा. टाळूला चोळायला हे तेल चांगले. टकलावर केस उगवतील, असे मात्र आम्ही म्हणणार नाही.

प्रश्न : ओढून काढली तरी ती पुन्हा येते. काय करावे? – तेच वाचक

उत्तर : ओढल्यावर तुकडे खोडाला चिकटून राहतात, तेच फुटतात. शेवटच्या वेढ्याच्या वीतभर खालून अडुळशाची फांदीच कापा. अडुळसा पुन्हा फुटतो. हे फुले येण्याआधी करा, कारण बी मातीत दहा-दहा वर्षे टिकते. कापलेले सगळे वाळवून जाळा. उकिरड्यावर नको, गुरांपुढेही नको : बी शेणातून जिवंत बाहेर पडते. लसूणघासात तर ती बहुधा बियाण्यातूनच येते, तेव्हा बियाणे खात्रीचे घ्या.