एक्झुमा हा कोरियन भूताचा पिक्चर बघण्यासारखा आहे का? लोकांची मतं इतकी वेगवेगळी का?

नक्की बघा, आणि रात्री हेडफोन लावून बघा. 2024 चा आहे, दिग्दर्शक जांग जे-ह्युन, कोरियातच 1 कोटीच्या वर लोकांनी थिएटरात जाऊन पाहिला. अमेरिकेतल्या एका श्रीमंत कोरियन घरातलं तान्हं बाळ सारखं रडतंय, मग पूर्वजाची कबर उकरून हलवायची ठरते.

लोकांचं भांडण आहे ते सेकंड हाफवरून (थोडा स्पॉयलर आहे). पहिल्या भागात भूत धड दिसतच नाही, काचेत नुसती सावली, त्यामुळे जास्त टरकते, आणि नंतर त्याच कबरीखाली उभी पुरलेली दुसरी शवपेटी निघते आणि जपानी योद्ध्याचं भूत चक्क समोर येऊन उभं राहतं, तिथे बऱ्याच जणांची भीती गेली. मला मात्र तोच भाग जास्त भिडला, कारण कोरियावर राज्य असताना जपान्यांनी डोंगरात लोखंडी खिळे ठोकून देशाची ताकद मारली असं कोरियात बरेच जण मानायचे, ते माहीत असलं की सगळं जुळतं.

मांत्रिक बाई झालेल्या किम गो-उनचा तो कबर उकरतानाचा विधीचा सीन, हातात सुरे, मेलेली डुकरं मांडलेली, ढोल चाललाय, अंगावर काटा येतो राव! आणि कबरीची जागा शुभ की अशुभ ते सांगणारा झालेला चोई मिन-शिक कबरीची माती जिभेवर ठेवून चाखतो ना, तो चेहरा बघाच.