थोड्या पैशांचा ब्लॅकजॅक : बसण्यापूर्वी कापडावरची ओळ वाचा

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो असून ठाण्यात राहतो. मुलगा कॅलिफोर्नियात असतो आणि येत्या महिन्यात आम्ही सगळे तीन रात्रींसाठी लास वेगासला जाणार आहोत. पत्त्यांची आवड मला लहानपणापासून आहे. ब्लॅकजॅक, म्हणजे पत्त्यांची बेरीज 21 च्या वर जाऊ न देता डीलरच्या (कॅसिनोतर्फे पत्ते वाटणाऱ्याच्या) बेरजेवर मात करण्याचा खेळ, मी पणजीला मांडवीतल्या बोटीवर एकदाच खेळलो आहे, परंतु घरी मुलाबरोबर बिनपैशांचे पुष्कळ डाव होतात. या सहलीत खेळासाठी 400 डॉलर बाजूला काढले आहेत आणि त्यापलीकडे एक डॉलरही घालणार नाही, असे पत्नीला कबूल केले आहे. एवढ्या रकमेत कोणत्या कॅसिनोत बसावे? हरल्यावर पुढच्या डावात दुप्पट लावत गेल्यास पैसे परत येतात, असे एक मित्र सांगतो. ते कितपत खरे आहे?

उत्तर : आपण रक्कम आधी ठरवली आणि ती घरी सांगितली, हे फार चांगले केले. आता कोणता कॅसिनो, यापेक्षा कोणते टेबल, हा प्रश्न आपल्यासाठी अधिक महत्त्वाचा आहे, कारण एकाच छताखाली दहा पावलांच्या अंतरावर दोन टेबले असतात आणि त्यांतले एक दुसऱ्याच्या चौपट महाग पडू शकते. हा फरक टेबलाच्या कापडावर छापलेल्या एका ओळीत असतो. एक्का आणि दहा किमतीचे पान पहिल्या दोन पत्त्यांतच आले, म्हणजे ब्लॅकजॅक लागला, तर किती पैसे मिळतील, हे ती ओळ सांगते. जुना आणि रास्त दर दोनाला तीन, म्हणजे 3:2 असा आहे. या शतकाच्या सुरुवातीपासून लास वेगासमध्ये पाचाला सहा, म्हणजे 6:5 या दराची टेबले पसरत गेली आणि आज कमी रकमेच्या बहुतेक टेबलांवर तोच दर दिसतो. सहा आणि पाच हे आकडे तीन आणि दोन यांच्यापेक्षा मोठे असल्यामुळे नवख्या माणसाला तो दर चांगला वाटतो, आणि फसगत होते ती इथेच.

आपण बँकेत होतात, तेव्हा हिशेबच मांडतो. 15 डॉलर लावून ब्लॅकजॅक लागला, तर पहिल्या टेबलावर साडेबावीस डॉलर मिळतात आणि दुसऱ्यावर 18. साडेचार डॉलरचा हा फरक किरकोळ वाटेल, पण ब्लॅकजॅक साधारण एकवीस डावांत एकदा लागतो आणि भरलेल्या टेबलावर तासाला सुमारे 70 डाव होतात, म्हणजे केवळ या एका ओळीपायी आपले ताशी सुमारे 14 डॉलर जास्त जातात. नीट खेळणाऱ्याचे 3:2 च्या टेबलावर लावलेल्या दर शंभर डॉलरमागे सरासरी अर्धा डॉलर, फार तर त्याहून थोडे अधिक, इतकेच नुकसान होते. 6:5 च्या टेबलावर हाच आकडा दोन डॉलरच्या आसपास जातो. ‘एकाच कॅटचा ब्लॅकजॅक’ अशी पाटी पाहून मात्र हुरळून जाऊ नये. एका कॅटने खेळणे खेळाडूच्या सोयीचे असते हे खरे, परंतु अशा पाटीखालच्या कापडावर पुष्कळदा 6:5 छापलेले असते आणि मग ती सगळी सोय वाया जाते.

दुसरी पाहण्याची गोष्ट म्हणजे डीलर काय करतो. एक्का अकरा धरून होणाऱ्या 17 वर डीलर थांबत असेल तर ते आपल्या हिताचे; तो आणखी पत्ता घेत असेल तर शंभर डॉलरमागे सुमारे 20 सेंट अधिक जातात. हा नियमही बहुधा कापडावरच छापलेला असतो. मात्र कमी रकमेच्या टेबलावर दोन्ही गोष्टी एकत्र मिळणे अवघड आहे, तेव्हा 3:2 चा आग्रह धरावा आणि दुसऱ्या नियमाबाबत तडजोड करावी.

अशी टेबले कुठे सापडतील, हे आता सांगतो. चित्रांत दिसणारी मोठमोठी हॉटेले ज्या रस्त्यावर आहेत, ती ‘स्ट्रिप’ कायद्याने लास वेगास शहराच्या हद्दीत येतच नाही. बहुतांश स्ट्रिप क्लार्क काउंटीच्या कारभारात मोडते. तिथे संध्याकाळी 3:2 च्या टेबलावर बसायचे तर दर डावाची किमान रक्कम बहुधा आपल्या ऐपतीबाहेर असते. मूळ शहर उत्तरेला फ्रीमाँट स्ट्रीटच्या परिसरात आहे. स्ट्रिपवरून ‘ड्यूस’ नावाची दुमजली बस तिथे रात्रंदिवस जाते. 1906 साली हॉटेल म्हणून सुरू झालेले गोल्डन गेट याच रस्त्यावर आहे, आणि थोडे पूर्वेला 1941 साली उघडलेले एल कॉर्टेझ आहे, जे थोड्या पैशांच्या ब्लॅकजॅक खेळाडूंमध्ये एका कॅटच्या आणि 3:2 दराच्या खेळासाठी अनेक वर्षे ओळखले जाते. मी आपल्या जागी असतो तर पहिली संध्याकाळ स्ट्रिपवर दिवे आणि कारंजी पाहण्यात घालवली असती, खिशातले 400 डॉलर तसेच ठेवले असते, आणि दुसऱ्या व तिसऱ्या दिवशी सकाळी फ्रीमाँटला गेलो असतो. आठवड्याच्या मधल्या वारी, सकाळच्या वेळी, किमान रक्कम उतरलेली असते. शुक्रवारी आणि शनिवारी रात्री तेच टेबल महाग होते.

दोन बैठकींसाठी प्रत्येकी 200 डॉलर धरा आणि 10 डॉलरचे टेबल शोधा. सरासरी नुकसान ताशी चार-पाच डॉलर इतकेच असले, तरी सरासरीवर विसंबून राहता येत नाही. 10 डॉलरच्या डावात तासाअखेरचा निकाल शंभर डॉलर वर किंवा शंभर डॉलर खाली असणे हे अगदी नेहमीचे आहे, आणि 15 डॉलरच्या डावात हीच चढउतार दीडशेच्या घरात जाते. म्हणून 25 डॉलरच्या टेबलावर 200 डॉलर घेऊन बसणे मला पटत नाही. अठ्ठीची जोडी फोडायची, म्हणजे तिचे दोन वेगळे हात करून दुसऱ्यावरही तेवढीच रक्कम लावायची, वेळ आली आणि दुसऱ्या हातासाठी पैसेच उरले नाहीत, तर खेळाची मजाही गेली आणि योग्य खेळीही हुकली.

मित्राच्या दुप्पट करण्याच्या सल्ल्याविषयी स्पष्टच लिहितो : तो ऐकू नका. 15 डॉलरपासून सुरुवात केली तर 15, 30 आणि 60 असे तीन डाव हरताच 105 डॉलर गेलेले असतात, पुढच्या डावाला 120 हवे असतात आणि हाताशी उरलेले असतात 95. बरोबरीचे डाव सोडले तर ओळीने तीन डाव हरण्याचा प्रसंग सुमारे सात वेळांमागे एकदा येतो. ज्यांच्यापाशी पुष्कळ पैसे असतात, त्यांना शेवटी टेबलाची कमाल मर्यादा अडवते. रक्कम कशीही वरखाली केली तरी प्रत्येक डावातला कॅसिनोचा फायदा तसाच राहतो.

खेळावे कसे, याचे उत्तर 1956 सालीच मिळालेले आहे. अमेरिकी सैन्यातल्या चार तरुणांनी साध्या गणनयंत्रांवर प्रत्येक हाताचा हिशेब करून कोणत्या वेळी पत्ता घ्यावा आणि कोणत्या वेळी थांबावे, हे संख्याशास्त्राच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्यावरून घडत गेलेला तक्ता छापील कार्डावर मिळतो, आणि तो समोर ठेवून खेळायला कॅसिनो सहसा हरकत घेत नाहीत. घरी मुलाबरोबर तो पाठ करा. ज्या जागी माणसे हमखास चुकतात, त्या सांगतो. डीलरचा उघडा पत्ता सत्ती किंवा त्याहून मोठा असेल तर 16 वर थांबू नये, भीती वाटली तरी पत्ता घ्यावा. एक्के आणि अठ्ठ्या नेहमी फोडाव्यात. दश्श्या आणि पंज्या कधीही फोडू नयेत. एक्का अकरा धरून झालेल्या 17 वर कधीच थांबू नये. आणि डीलरचा एक्का दिसल्यावर ‘इन्शुरन्स’ विचारला जातो, तो नाकारावा. नाव विम्याचे असले तरी ती डीलरच्या झाकलेल्या पत्त्यावर लावलेली स्वतंत्र पैज आहे, आणि सहा कॅटच्या खेळात तिच्यावर शंभर डॉलरमागे सरासरी सात डॉलर जातात. कापडाच्या कडेला छापलेल्या जोड्यांच्या आणि रंगांच्या इतर पैजाही अशाच महाग असतात.

प्रश्न : मी साताऱ्याची आहे. भावाबरोबर लास वेगासला जाण्याचा योग आहे आणि मलाही एकदा टेबलावर बसून खेळायचे आहे, पण माझे इंग्रजी बेताचेच आहे. माझ्यामुळे इतरांचा खेळ अडेल, असे वाटून धीर होत नाही.

उत्तर : ताई, ब्लॅकजॅकच्या टेबलावर बोलण्याची गरज फारच थोडी पडते. छतावरच्या कॅमेऱ्यांना दिसावे म्हणून डीलर तोंडी सांगण्यावर अवलंबून राहत नाही, हाताच्या खुणेनेच खेळतो. पत्ता हवा असेल तर बोटाने टेबलावर टकटक करावी. नको असेल तर तळहात खाली धरून आडवा फिरवावा. चालू डावातच रक्कम दुप्पट करायची असेल तर पहिल्या चिप्सच्या (पैशांऐवजी लावायच्या चकत्यांच्या) शेजारी, त्यांच्यावर नव्हे, तेवढ्याच चिप्स ठेवाव्यात.

बसताना चालू डाव संपू द्यावा आणि नोटा डीलरच्या हातात न देता कापडावर ठेवाव्यात, कारण हातातून हातात पैसे घेण्याची डीलरला मुभा नसते. लाल चिप 5 डॉलरची आणि हिरवी 25 ची, हे लक्षात ठेवले तरी पुरे. सहा कॅटच्या खेळात पत्ते उघडेच वाटले जातात आणि त्यांना स्पर्श करायचा नसतो. एका कॅटच्या खेळात ते झाकून वाटले जातात आणि एकाच हाताने उचलायचे असतात. पहिल्या वेळी उघड्या पत्त्यांचे टेबल निवडा. सकाळी टेबलावर गर्दी नसते, डीलर निवांत असतात आणि नवीन खेळाडूला आपणहून समजावून सांगतात. त्यांची मोठी कमाई बक्षिशीवर असते, तेव्हा अधूनमधून एखादा डॉलर द्यावा. तो आपल्या ठरवलेल्या रकमेतच धरावा. पासपोर्ट जवळ बाळगा, कारण 21 वर्षांखालील व्यक्तीला तिथे खेळता येत नाही आणि टेबलापाशी रेंगाळताही येत नाही. बरोबर मुले असतील तर त्यांची सोय आधी करा.

उठताना उरलेल्या सुट्या चिप्स डीलरकडून मोठ्या करून घ्या आणि त्याच कॅसिनोच्या खिडकीवर वटवा. उद्या बघू म्हणून त्या खिशात राहिल्या, तर बहुधा भारतातच येतात.

प्रश्न : चुकून जिंकलोच, तर अमेरिकेत कर कापला जातो का? आणि भारतात काय करावे लागते? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : अमेरिकेचे नागरिक किंवा तिथले रहिवासी नसलेल्यांच्या जुगारातल्या मिळकतीवर तिथे साधारणपणे 30 टक्के कर लागतो, परंतु ब्लॅकजॅक, बॅकारा, क्रॅप्स, रूलेट आणि ‘बिग सिक्स’चे चाक हे खेळ त्यातून वगळलेले आहेत. स्लॉट मशीन वगळलेले नाही. तिथे मोठे बक्षीस लागले तर पासपोर्ट पाहून, कागदपत्र भरून, 30 टक्के कापूनच रक्कम हातात पडते. माझ्या मते पर्यटकाने मशीन सोडून टेबलाकडे वळण्याचे हे आणखी एक कारण आहे.

भारतात मात्र रहिवासी करदात्याचे परदेशातले उत्पन्नही विवरणपत्रात दाखवावे लागते. पत्त्यांच्या खेळातल्या जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के दराने, अधिक उपकर आणि लागू असल्यास अधिभार, असा कर बसतो, आणि हरलेली रक्कम किंवा प्रवासाचा खर्च त्यातून वजा करता येत नाही. म्हणून प्रत्येक बैठकीची तारीख, कॅसिनोचे नाव, बसतानाची आणि उठतानाची रक्कम एका छोट्या वहीत त्याच दिवशी लिहून ठेवा आणि परतल्यावर ती वही आपल्या कर सल्लागाराला दाखवा.