आधी चित्रं मोजा, रंग नंतर

एकोणिसाव्या शतकातलं फुलपाखरांचं पुस्तक मिळतंय, बांधणी खिळखिळी आहे पण रंग ताजे आहेत, तर चित्रं हातानं रंगवलेली असतील का आणि पुस्तक घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय. रंगांचं बघू नंतर. आधी चित्रं मोजा.

या पुस्तकांचा जीव चित्रांत. म्हणून ती कापून, चौकटीत घालून विकण्याचा धंदा जुनाच आहे. मजकूर शाबूत असतो, त्यामुळे पुस्तक वरवर भरलेलं वाटतं. मी असंच एक जाडजूड पुस्तक आणून महिनाभर मिरवलं. मग एकदा पतंगांच्या भागात ३१ क्रमांकाच्या चित्रानंतर थेट ३३ दिसलं. शिवणीत नखाएवढी पट्टी तेवढी उरली होती! मोजताना आवृत्तीचं सालही बघा. कीटकांची चित्रकार मारिया सिबिला मेरियन हिच्या, दक्षिण अमेरिकेतल्या सुरीनाममधल्या कीटकांवरच्या ग्रंथात १७०५ साली ६० चित्रं होती, १७१९ च्या आवृत्तीत ७२. त्या दुसऱ्या आवृत्तीत ६० भरली म्हणून खूश झालात तर बारा चित्रांना मुकलात.

आता रंग. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. हातानं भरलेला रंग कुठेतरी रेषेबाहेर जातो, कडेला साचतो. रंगीत शिळाछापात, म्हणजे दगडावरून छापलेल्या चित्रात, वेगवेगळ्या रंगांचे वेडेवाकडे ठिपके एकमेकांवर चढलेले दिसतात. ठिपके कवायतीला उभे असल्यासारखे रांगेत असतील तर ती हाफटोन, म्हणजे फोटोवरून ठिपक्यांनी केलेली छपाई, बहुधा पुनर्मुद्रण.

'ताजे रंग' हे कौतुक मला जरा खटकतं. काळ्या-पांढऱ्या जुन्या छापांवर हल्ली कुणीतरी रंग चढवलेले असतात. याउलट, पांढऱ्या पंखांवर करडी छटा आली असेल तर नाक मुरडू नका. सफेद्यातलं, म्हणजे जुन्या पांढऱ्या रंगातलं, शिसं हवेतल्या गंधकानं काळवंडतं, ती मळ नव्हे. हिरव्या भागामागे कागद तपकिरी पडलाय का तेही बघा. तांब्यापासून केलेला हिरवा रंग कागद खातो.

एक अपवाद गमतीचा: शेरमन डेंटन या अमेरिकी निसर्गअभ्यासकानं १९०० साली अमेरिकेतल्या फुलपाखरांच्या पुस्तकात पंखांवरचे खरे खवलेच कागदावर उतरवले. तिथे भिंगातून रंग नाही, खवले दिसतात.

खिळखिळ्या बांधणीची फार चिंता नको, ती चांगला बांधणीकार सावरतो. कसरीनं चित्रातच भोक पाडलं असेल तर मात्र इलाज नाही. विकणाऱ्याकडून शीर्षकपान, चित्रसूची आणि प्रत्येक चित्राच्या मागच्या बाजूचे फोटो मागवा. मागची बाजू दाखवायला तो कां-कूं करू लागला तर तिथेच थांबा.