अंतर्गत लेखापरीक्षणाचा खर्च कशावर ठरतो?

प्रश्न : बेळगावच्या उद्यमबागेत आमची खासगी मर्यादित फौंड्री (धातूचे ओतकाम करणारा कारखाना) आहे. अंतर्गत लेखापरीक्षणावर, म्हणजे कंपनीने स्वतःच करवून घेतलेल्या हिशेब व कामकाजाच्या तपासणीवर, किती खर्च करावा?

उत्तर : कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३८ व त्याखालील नियमांनुसार, मागील आर्थिक वर्षात उलाढाल २०० कोटी रुपये वा अधिक असल्यास, किंवा बँका व सार्वजनिक वित्तसंस्थांचे फेडायचे बाकी कर्ज त्या वर्षात कधीही १०० कोटी रुपये वा अधिक झाले असल्यास, खासगी कंपनीला अंतर्गत लेखापरीक्षक नेमावाच लागतो. या मर्यादांखालील कंपन्यांत खर्च मालकी आणि व्यवसायाचे स्वरूप यांवर ठरतो. मालक रोज भट्टीपाशी उभा असेल तर कमी खर्च पुरतो. मात्र भंगार, पिग आयर्न (भट्टीत वितळवायचे कच्चे लोखंड) व बाहेर मशिनिंगसाठी (यंत्रावर नेमका आकार देण्यासाठी) दिलेले कास्टिंग (ओतीव भाग) यांचा हिशेब तिघांच्या वह्यांत विखुरला, की खर्च वाढतो. माझ्या मते आधी भंगाराचा वजनकाटा तपासून घ्यावा.